महादेवाच्या गळतीचं पाणी

डोंगर चढायची हौस मला देवामुळे लागली नाही, पोटामुळे लागली. मालेगावच्या एका सरकी काढायच्या जिनात मी वजनकाट्यावर होतो. कापसाचा हंगाम सुरू झाला की सकाळपासून दिवेलागणीपर्यंत काट्याशी बसून राहायचं आणि घरी येऊन जेवलं की आडवं व्हायचं. तिशी ओलांडेपर्यंत पोट पुढे आलं, कंबर धरली आणि शेजारच्या माडीवर चढलो तरी धाप लागायला लागली. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि पुडी न बांधताच म्हणाले, "औषध काई नाई तुले. चालत जा. चढावर चाल." बुवा त्या दिवशी वैतागलेले असावेत, पण मी त्यांचं बोलणं मनावर घेतलं. जिन बंद झालं की आमच्या हाती सगळा उन्हाळा रिकामा असे. बायकोला घेऊन मी मेडशीला आत्याकडे जाऊन राहू लागलो, कारण मेडशीच्या आजूबाजूला चढ आहे, रान आहे आणि आत्याच्या हातची भाकर आहे.

पहिल्या उन्हाळ्यात पाय दुखले, दुसऱ्या उन्हाळ्यात चटक लागली. सागाच्या रानातून वर चढत जायचं, पायाखाली वाळलेला पाला कुरकुरतो, मग पाला संपून नुसता काळा खडक लागतो, हात टेकत टेकत चढावं लागतं, आणि माथ्यावर पोचलं की घामानं चिंब झालेल्या सदऱ्याला वारा लागतो. त्या वाऱ्यासाठी मी काहीही केलं असतं. पण हे लोकांना सांगून कळण्यासारखं नव्हतं. आमच्याकडे डोंगरावर माणूस जातो तो लाकडं आणायला, मोह वेचायला नाहीतर चुकलेली गाय हुडकायला. दिवसभर शेतात राबणाऱ्याला चालण्याचं कौतुक काय असणार? त्यातून अंग अजून घट्ट व्हावं म्हणून मी झोळीत एक बरा मोठा दगड घालून तो पाठीवर घेऊन चढायचो आणि तोच दगड परत घेऊन उतरायचो. पारावर तेव्हा आपला मुलूख मुंबई राज्यात जाणार की नागपूरकडेच राहणार यावर रोज खडाजंगी चालायची. मी समोरून गेलो की ती थांबायची आणि कुणीतरी हटकून विचारायचं, "काय हरपलं गा तुहं वर?" मी हसून पुढे जायचो.

देवाच्या बाबतीत माझं मन तेव्हा ना इकडे होतं ना तिकडे. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पोरबाळ नव्हतं. नवस बोलून झाले, कुणी सांगितलं त्या देवाला जाऊन झालं. मग एका वर्षी मी ते सगळं सोडून दिलं. देवावर राग धरला असंही नाही. एखाद्या सोयऱ्याकडे जाणं-येणं आपोआप कमी होत जातं, तसं झालं. देवळासमोरून गेलो तर हात जोडायचो, पण जोडलेल्या हातांच्या मागे काही नसायचं. बायको मात्र दिवा लावायची. ती मला कधी टोचून बोलली नाही. एवढंच म्हणायची, "तुमी नका बोलू त्याच्याशी. मी तुमच्या वाटचं बी बोलून घेतो."

आत्या विधवा होती, एकटी राहायची, आणि तिचा सगळा जीव डोंगरावरच्या महादेवात होता. देऊळ म्हणण्यासारखं तिथे काही नाही. माथ्याच्या थोडं खाली खडकाची एक खोबण आहे, पुढे झुकलेलं एक जुनं बेलाचं झाड आहे आणि खोबणीत पिंड आहे. वैशाखात ऊन चढलं की महादेवालाही ताप होतो, म्हणून पिंडीवर गळती बांधतात. लाकडाची तिपाई, तिच्यावर मातीचं मडकं, मडक्याच्या बुडाला बारीक भोक आणि भोकात दर्भाची काडी. काडीवरून थेंब थेंब पाणी दिवसरात्र पिंडीवर पडत राहतं. घागरभर पाणी ओतलं की दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत पुरतं. आत्या कितीतरी वर्षं वैशाखभर रोज एक घागर पाणी डोक्यावर घेऊन तो डोंगर चढत होती. त्या वर्षी तिचे गुडघे गेले. चैत्र संपत आला तशी ती ओट्यावर बसून डोंगराकडे बघत राहायची आणि मी झोळीत दगड भरून निघालो की तिच्या कपाळाला आठी पडायची. एका सकाळी तिनं मला अडवलंच.

"दगड कायले वाहतं रे रोज?" ती म्हणाली. "पानी वाह्य. तुहा घाम बी निंगन अन् माह्या महादेवाची गयती बी भरन."

मला ते पटलं. भक्ती म्हणून नव्हे, सोय म्हणून. दगड वर न्यायचा आणि तोच खाली आणायचा यापेक्षा पाणी वर न्यायचं, ओतून मोकळं व्हायचं आणि हलक्या अंगानं धावत उतरायचं, हे केव्हाही चांगलं. वैशाख लागला तसा मी पितळी घागर फडक्यात घट्ट बांधून पाठीवर घेऊ लागलो. पाणी हिंदकळतं, तोल जातो, दगडापेक्षा ते अवघड ओझं आहे. पण महिना अर्ध्यावर आला तोवर माझ्या मांड्या आणि पाठ अशी तयार झाली की मला माझंच कौतुक वाटू लागलं. पाणी मडक्यात ओतायचं, वर खापर झाकायचं, एकदा हात जोडायचे आणि सुटायचं. पिंडीवर थेंब पडताना बघायला मी कधी थांबलो नाही.

बायको रोज मला जाताना बघायची. एके दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी तथी रोज काय पाह्यता? मले बी पाह्याचं हाये." मी म्हटलं, चढ अवघड आहे. ती म्हणाली, "पाटलाच्या वावरात दिवसभर कापूस वेचला तवा कोनी म्हनलं नाई का अवघड हाये म्हनून." आता बाईमाणसानं हौसेनं डोंगर चढायचा म्हटलं असतं तर गावानं बोटं तोंडात घातली असती. पण पोर नसलेली बाई वैशाखात महादेवाला निघाली, तर कुणी काही विचारत नाही. उलट शेजारणी तिला म्हणाल्या, "जाय माय, जाय. पावन तुले." ती गुमान मान हलवायची आणि घरात आली की पदर तोंडावर धरून हसायची. मला म्हणाली, "मले काई मांगाचं नाई त्याले. मले डोंगराच्या पल्याड काय हाये ते पाह्याचं हाये." तिचं हे बोलणं मला फार आवडलं. इतक्या वर्षांत माझ्या येडेपणात सामील व्हायला निघालेलं ते पहिलंच माणूस होतं.

तिला न्यायचं ठरलं त्याच्या आदल्या दिवशी मी नेहमीसारखा पाणी घेऊन वर गेलो. घागर ओतली तर मडक्यातून धारच लागली. दर्भाची काडी कुजून गळून पडली होती. मी भोकाला बोट लावून धरलं आणि इकडेतिकडे पाहिलं. दर्भ खाली ओढ्याच्या काठाला मिळतो, वर कुठला! तेवढ्यात बंडीच्या खिशात कापूस सापडला. जिनातल्या माणसाच्या खिशात कापूस असतोच, यंत्रांचा आवाज सोसत नाही म्हणून कानात घालायला. मी त्याची जाडसर वात वळली आणि भोकात पिळून बसवली. मनात म्हटलं, वात दिव्यातलं तेल वर ओढते, मग मडक्यातलं पाणी खाली सोडणार नाही का? वातीच्या टोकाशी एक थेंब आला, पडला. दुसरा आला. तेवढं पाहून मी खापर झाकलं आणि उतरणीला लागलो. उद्या बायकोला कोणती वाट दाखवायची, याचाच विचार डोक्यात होता.

वाट मी लांबची निवडली. सरळ चढून महादेवाला जाण्यात मजा नव्हती. मागच्या बाजूनं चढायचं, डोंगराच्या धारेवरून चालत जायचं, तिथून दोन्हीकडचा मुलूख दिसतो, आणि शेवटी महादेवाशी उतरून सरळ वाटेनं घरी. सूर्य डोक्यावर यायच्या आत परत. या वाटेवर महादेवाच्या अलीकडे, जरा खालच्या अंगाला, उंबराखाली एक झरा आहे, तो उन्हाळ्यातही आटत नाही, त्यामुळे घागर भरून नेण्याऐवजी मी एक रिकामी कळशी घेतली आणि प्यायला कापडाची छागल भरून खांद्याला अडकवली. उजाडायच्या आत आम्ही निघालो.

सकाळ फार सुरेख गेली. बायकोनं लुगडं वर खोचलं आणि माझ्या पुढे चालू लागली. खडकावर हात टेकून चढताना मी हात पुढे केला तर तिनं तो बाजूला सारला. वाटेत टेंभरं पिकली होती, ती खाल्ली. धारेवर आल्यावर ती उभी राहिली आणि कपाळाला हाताचा आडोसा धरून बघू लागली. पल्याड तसं विशेष काही नव्हतं. आणखी टेकड्या, नांगरून पडलेली काळी रानं, दूर एका गावाचा धूर. पण तिच्या तोंडावर जे होतं ते मला ओळखीचं होतं. मलाही तिथे तसंच होतं. मग ती म्हणाली, "इतलं मोठं हाये व्हय?" आणि आम्ही तिथे बसलो, गप्पा मारल्या, भाकरी खाल्ली. नको तितका वेळ बसलो.

उठलो तेव्हा माझी पाठ ओली लागली. घाम समजून मी हात फिरवला तर छागल रिकामी होती. वर येताना हिवराच्या झुडपातून वाट काढली तेव्हा काटा आरपार गेला असणार. मी बायकोला म्हटलं, काही हरकत नाही, पुढे झरा आहे. धारेवर सावली अशी नाही. वैशाखातला साग म्हणजे नुसते खांब, पान एक नाही. ऊन वरून येत होतं आणि खडकावरून परत वर येत होतं. ती आधी बोलत होती, मग हुं हुं करू लागली, मग तेही थांबलं. झऱ्याशी पोचलो तर तिथे झरा नव्हता. रानडुकरांनी सगळा उकरून, लोळून त्याचा चिखल केला होता, आणि तो चिखलही वरून तडकायला लागला होता. मी हातानं उकरलं. नखं फुटली. खाली दगड लागला.

वळून पाहिलं तर ती उंबराच्या बुंध्याला टेकून बसली होती. उंबरालाही त्या साली पानं धड नव्हती. तिला उलटी झाली. कपाळाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा टिपूस नाही. ती काहीतरी बोलत होती, पण ते माझ्याशी नव्हतं, तिच्या माहेरच्या कुणाशी तरी होतं. मी फार घाबरलो. ऊन लागून माणूस कसा जातो हे आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. खाली गाव दिसत होतं, पण तिला घेऊन त्या उन्हात उतरायचं म्हणजे गावात तिला पोचवण्यात अर्थ उरला नसता. तिला तिथेच ठेवून पाणी आणायला धावावं, तर परत येईपर्यंत काय? तेवढ्यात तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "महादेवापाशी सावली हाये म्हनता ना. तथी न्या मले."

मी तिला पाठीवर घेतलं. घागर बांधायचो तसंच, फडक्यानं कमरेला बांधून घेतलं, कळशी हातात धरली आणि चालू लागलो. जागा फार दूर नव्हती, पण चढ होता आणि पायाखाली सुटे दगड होते. वजन मला झेपत होतं. रोज तेच करत होतो. मधे एकदा मनात येऊन गेलं की हे पाय मी माझ्या हौसेसाठी कमावले असं समजत होतो. पुढचा विचार करायला सवड नव्हती. तिची मान माझ्या खांद्यावर लोंबत होती आणि मी सारखं तिला काहीबाही विचारत होतो, एकदा तरी उत्तर यावं म्हणून.

खोबणीत पोचलो आणि तिला खडकाला टेकवून बसवलं. बेलाची सावली खरी होती. खडकही जरा गार होता. तिनं डोळे उघडले. मी पिंडीकडे पाहिलं. पिंड ठणठणीत कोरडी. तिच्यावरची बेलपानं वाळून वळली होती. घागरभर पाणी उजाडेपर्यंत पुरतं हे मला माहीत होतं आणि आता तर मध्यान्ह झाली होती. म्हणजे गळती केव्हाच संपली. मडक्यात डोकावून पाहावं असं मनातही आलं नाही. रिकाम्या मडक्यात काय बघायचं? मी तिच्याशेजारी मटकन बसलो. मला रडू आलं, आणि त्याची मला लाज वाटली नाही. इतक्या वर्षांत जे झालं नव्हतं ते तेव्हा झालं. मी पिंडीकडे बघून बोललो. स्तोत्र नाही, नवस नाही. एवढंच म्हणालो, "माह्यानं आता होत नाई बाप्पा. आता तू पाह्य." आणि ते बोलल्यावर मला खरंच वाटलं की आता माझ्या हातात काही नाही. भीती गेली नाही, पण हात ढिले पडले. मूठ सुटावी तसं काहीतरी झालं.

उठायला म्हणून मी तिपाई धरली. हात मडक्याला लागला. मडकं गार होतं.

बाहेरून ओलसर आणि गार. मी खापर काढलं. आत अर्ध्याच्या वर पाणी होतं, स्वच्छ, तळ दिसणारं. मग कळशी बुडवली आणि तिच्या तोंडाशी नेली.

तिनं तोंड मिटून घेतलं. मला वाटलं तिला कळत नाही, म्हणून हनुवटी धरून कळशी कलती केली. तिनं मान फिरवली. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"त्याचं हाये," ती म्हणाली. "तो कोरडा हाये. आदी त्याले."

मी कधी तिच्यावर ओरडलो नव्हतो, तेव्हा ओरडलो. "अवं, जीव चालला तुहा अन् तू मले सोवळं शिकवून राह्यली काय!" तिनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं नाही. दात घट्ट. त्या बाईचा हट्ट मला माहीत आहे. मी वळलो आणि ओंजळभर पाणी पिंडीवर घातलं. रागानंच घातलं. दगड इतका सुकला होता की पाणी पडताच दिसेनासं झालं, आणि कोरड्या मातीवर सडा घालावा तसा वास आला. मग मी परत तिच्याकडे आलो आणि तिनं तोंड उघडलं.

घोट घोट करून पाजलं. पहिलं पाणी उलटून पडलं, पुढचं राहिलं. पदर भिजवून डोक्यावर, मानेवर, छातीवर ठेवला, वाळला की पुन्हा भिजवला. बराच वेळ काहीच फरक दिसेना. मग तिच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक मणी आले. ते मणी पाहून मला जो आनंद झाला तो मला आजही सांगता येत नाही. मग ती झोपली, साधी झोप, श्वास नीट लागलेला, आणि मग मी प्यालो.

ती झोपलेली असताना मी मडक्याखाली वाकून पाहिलं. वात तशीच भोकात घट्ट बसलेली. मडकं तोवर रिकामं झालं होतं, म्हणून ती ओढून काढली. बाहेरून ओली होती, पण उलगडली तर आत कापूस कोरडा, आदल्या दिवशी खिशात होता तितकाच कोरडा. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जिनातला कापूस, न धुतलेला, न पिंजलेला. त्याच्या अंगातच तेलकटपणा असतो. पाण्यात टाकला तर तरंगत राहतो. अवकाळी पावसात कापसाच्या गंजीवर पाणी पडलं तर वरचेवर निथळून जातं, हे मी वर्षानुवर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि तरी, कापसाच्या गावचा माणूस, दिव्याची वात डोळ्यांसमोर ठेवून मी गळतीला बूच मारून आलो होतो! दोन थेंब पडले ते वळताना पिळलेले. त्यानंतर एक थेंबही देवाला मिळाला नव्हता. ते सगळं पाणी वर राहिलं होतं.

ऊन कलल्यावर आम्ही हळूहळू उतरलो. अर्धी वाट ती माझ्या खांद्याला धरून चालली आणि अर्धी वाट माझ्या पाठीवर बसून मला चिडवत आली की घागरीपेक्षा मी बरी ना, हिंदकळत तर नाही. घरी पोचलो तेव्हा आत्या ओट्यावरच होती. आमची तोंडं पाहून तिनं काही न विचारता गूळ-पाणी आणलं, बायकोला आत निजवलं, कैरी भाजून तिचा गर अंगाला लावला. मग माझ्याकडे वळली. मी सगळं सांगितलं. मला वाटत होतं, ती हात जोडेल, डोळे पुसेल, चमत्कार झाला म्हणेल. तिनं ऐकून घेतलं आणि तिचा चेहरा पार उतरला.

"म्हंजे काल सकाऊनपासून देव कोरडाच हाये?" ती म्हणाली. "असं भर वैशाखात?"

ती काठी घेऊन उठलीच, आत्ताच्या आत्ता वर जाते म्हणून. त्या गुडघ्यांनी! मी तिला कसंबसं बसवलं, उद्या उजाडताच दर्भ घेऊन जातो म्हणून शब्द दिला. ती बसली, डोंगराकडे बघत राहिली. आतून बायकोचं खोकणं ऐकू आलं, कूस बदलल्याचा आवाज आला. आत्याचे डोळे तिकडे वळले. मग ती अगदी शांत आवाजात म्हणाली, "उपास घडला लेका त्याले. तुमच्यापाई उपास घडला." आणि एवढं बोलून तिनं पदर डोळ्यांना लावला.

दिवेलागणीला बायको उठून बसली. मी ती वात बंडीच्या खिशातून काढून तिला दाखवली, आणि माझी फजिती सांगितली. ती हसली, हसताना तिला धाप लागली. मग तिनं ती वात माझ्या हातातून घेतली, पुन्हा नीट वळली, आत्याच्या समईत ठेवली आणि तेल घातलं. वातीनं तेल लगेच ओढून घेतलं. काडी लावताच ती पेटली आणि रात्री जेवणं होईपर्यंत जळत होती. सकाळी काजळीशिवाय काही उरलं नव्हतं, त्यामुळे कुणाला दाखवायला माझ्याकडे आज काही नाही.

हे मी पुष्कळांना सांगितलं आहे. कुणी म्हणतं, यात देवाचं काय, कापसाचा गुण. खरं आहे, कापसाचाच गुण. मी त्यावर वाद घालत नाही, कारण मला तो घालता येत नाही. इतके दिवस मी त्या पिंडीवर नीट पाणी घातलं तेव्हा माझं मन कोरडं होतं, आणि एका दिवशी माझ्या हातून चूक झाली तेव्हा त्याच चुकीनं माझं माणूस वाचलं. जे बरोबर केलं ते त्यानं घेतलं, आणि जे चुकलं तेही त्यानं वाया जाऊ दिलं नाही, एवढंच मला कळतं. सगळं आपल्यालाच नीट करायचं आहे ही जी धास्ती माणसाच्या उरावर असते, ती माझ्या उरावरून त्या दिवशी उतरली. पोरबाळ आम्हाला नंतरही झालं नाही. ते मागायला आम्ही गेलोच नव्हतो. पण त्या सोयऱ्याकडे माझं जाणं-येणं पुन्हा सुरू झालं, आणि आता ते तुटेल असं वाटत नाही.

आत्या पुढच्याच्या पुढच्या वर्षी गेली. गळती आमच्याकडे आली. जिन बंद झालं की आम्ही दोघं मेडशीला येतो, ओढ्याकाठचा दर्भ काढून ठेवतो आणि वैशाख लागला की रोज पाणी घेऊन चढतो. माझ्या पाठीवर घागर असते, तिच्या कमरेवर कळशी. लोक आता काही विचारत नाहीत. मी पाणी ओततो, काडी तपासतो, पहिला थेंब पडला की जुन्या सवयीनं माझे पाय उतरणीकडे वळतात. ती मात्र बेलाखाली बसून राहते. थेंब पडतो, मग दुसरा पडतो, पिंडीवरचं कोरडं हळूहळू ओलं होत जातं, आणि ती ते बघत असते. ऊन चढायला लागतं तसा मी म्हणतो, चल, निघू या.

ती माझ्याकडे न बघताच म्हणते, "थांबा ना जराक. त्याले पेऊ द्या."